मान खाली का जाते? घोडेस्वारी, प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स : एक प्रकरण

या बाई माझ्याकडे डोळे तपासायला स्वतःहून आल्या नव्हत्या, त्यांना रायडिंग शिकवणाऱ्या सरांनी पाठवलं होतं. वय ४७. तरुणपणी भरपूर घोडेस्वारी, मग मोठा खंड आणि आता पुन्हा सुरुवात. मांड पक्की, हात हलका, घोडा शांत. पण ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, जमिनीवर ठेवलेल्या दांड्या आल्या की मान खाली जायची, कँटरमध्ये, म्हणजे मंद दौडीत, हनुवटी वर यायची आणि मधूनच एक हात लगाम सोडून नाकाकडे जायचा. "मॅडम, समोर बघा, दांडी कुठे पळून जात नाही," हे वाक्य इतक्या वेळा म्हणून झालं होतं की दोघांनाही त्याचा वीट आला होता. शेवटी सरच म्हणाले, ही सवय वाटत नाही, एकदा डोळे दाखवून या.

घोड्यावर चष्मा बरा की लेन्स, हा प्रश्न एका ओळीत विचारला जातो आणि 'लेन्स लावा' असं एका ओळीत उत्तर मिळतं. ते चूक असतं असं नाही. पण या प्रकरणात एकाच तक्रारीत तीन वेगळ्या अडचणी गुंतलेल्या होत्या आणि लेन्सने त्यातल्या दोनच सुटल्या असत्या. वर एक नवी आली असती, ती वेगळीच.

खुर्चीत सगळं ठीक

उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ५.००, सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) मायनस १.२५, अक्ष ९०. डाव्याचा किंचित कमी. वाचनासाठी प्लस १.७५ ची भर. चष्मा प्रोग्रेसिव्ह, बारीक धातूची फ्रेम, नाकावर सिलिकॉनचे पॅड. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी न अडखळता वाचली. नंबर ताजा, भिंगं चांगल्या प्रतीची, बसवणंही नीट. तपासणीच्या खोलीपुरतं बोलायचं तर खोट काढायला जागा नव्हती.

म्हणून हेल्मेट घेऊन यायला सांगितलं. ते चढवून हनुवटीचा पट्टा आवळला आणि चष्मा जागेवरच दोन-तीन मिलिमीटर खाली आला. हेल्मेटचं आतलं पॅडिंग नेमकं काड्यांवर बसत होतं. काड्या बाहेर ढकलल्या गेल्या की नाकावरची पकड सैल होणारच. शिवाय कानाखाली पट्ट्याचे दोन फाटे जिथे मिळतात तिथे काडीचं वळलेलं टोक अडकत होतं, त्यामुळे जबडा हलला की चष्माही हलायचा. हे घोड्यावर बसण्याआधीचं.

पुढचं मैदानावर पाहिलं, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आणि तो संथ करून. ट्रॉटमध्ये घोडा मिनिटाला साधारण दीडशे धक्के देतो. संथ व्हिडिओत दिसत होतं की डोकं वर जाताना फ्रेम क्षणभर मागे राहते आणि डोकं खाली येताना ती अजून वर असते. चष्मा आणि डोकं दोन वेगळ्या तालांत चालले होते.

याचं महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. डोकं हललं तरी जग स्थिर दिसतं, कारण कानातली तोलाची यंत्रणा डोळ्यांना उलट दिशेने वळवते आणि ते शतांश सेकंदाच्या आसपास होतं. घोड्यावर हीच यंत्रणा आपल्याला सांभाळून घेते. पण ती डोक्याच्या हालचालीचा हिशेब करते. डोक्यावरून स्वतंत्रपणे उड्या मारणाऱ्या भिंगाचा हिशेब तिच्याकडे नसतो. मायनस ५ चं भिंग ६ मिलिमीटर सरकलं तर ३ प्रिझम डायऑप्टरचा फरक पडतो. म्हणजे १ मीटरवरची वस्तू ३ सेंटिमीटर हललेली दिसते आणि १० मीटरवरची दांडी ३० सेंटिमीटर. दोन्ही भिंगं एकदमच सरकतात म्हणून दुहेरी दिसत नाही आणि 'दिसत नाही' अशी तक्रारही होत नाही. बाईंचे शब्द होते, "पोहल्यासारखं वाटतं." नेमकं वर्णन होतं.

मान का खाली जात होती

आता मुख्य गोष्ट. प्रोग्रेसिव्ह भिंगात वर लांबचा नंबर असतो, खाली वाचनाचा आणि मधला पट्टा हळूहळू बदलत जातो. चालताना पायऱ्यांवर गडबड होते ती यामुळेच. घोड्यावर हे आणखी बिघडतं. १५ हातांचा घोडा म्हणजे खांद्याशी सुमारे १५२ सेंटिमीटर उंच. त्यावर बसलेल्या स्वाराचे डोळे जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास येतात. समोर ५ मीटरवरच्या दांडीकडे मान न हलवता नुसती नजर टाकली तर ती सुमारे २५ अंश खाली जाते. डोळा भिंगामागे साधारण २७ मिलिमीटरवरच्या बिंदूभोवती फिरतो, म्हणजे नजर भिंगाच्या मधल्या खुणेपेक्षा साडेबारा मिलिमीटर खालून जाते. बहुतेक प्रोग्रेसिव्ह भिंगांत तिथे वाचनाचा भाग जवळजवळ सुरू झालेला असतो.

वाचनाचा तो भाग हातभर अंतरावरच्या कागदासाठी केलेला. त्यातून पाच मीटरवरची दांडी पाहिली तर डायऑप्टर-दीड डायऑप्टरचा धूसरपणा येतो. जास्तीचा प्लस डोळ्याला ताण देऊन भरून काढता येत नाही आणि डोळे बारीक करूनही फारसा उपयोग होत नाही. दांडी स्वच्छ दिसायचा एकच मार्ग उरतो : अख्खं डोकं खाली घालायचं आणि भिंगाच्या वरच्या भागातून बघायचं. बाई अगदी तेच करत होत्या. नकळत आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर अगदी बरोबर.

डोकं खाली गेलं की घामाने ओल्या नाकावरून चष्मा आणखी घसरायचा. तो पडू नये म्हणून हनुवटी झटक्यात वर. हनुवटी वर गेली की समोरचं सगळं भिंगाच्या मधल्या, अर्ध्या बदललेल्या पट्ट्यातून दिसणार, म्हणजे पुढचा अडथळाही धूसर. मग हात नाकाकडे. प्रौढ माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे-मागे झालं की पाठ पोकळ होते, बैठक हलते आणि घोड्याला हे सगळं खोगिराखालून कळतं. सर तक्रार करत होते ती मानेची आणि हाताची. मूळ होतं भिंगाच्या खालच्या अर्ध्या भागात.

एका वेळी एकच बदल

इथे सरळ लेन्स देऊन मोकळं होता आलं असतं. पण मग नेमकं कशाने बरं वाटलं हे कधीच कळलं नसतं. बाईंकडे घरी जुना, फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा पडून होता, आताच्या नंबरपेक्षा पाव डायऑप्टरने कमी. तोच घोडा, त्याच दांड्या, तेच सर, फक्त चष्मा तो जुना.

मान खाली जाणं त्याच दिवशी जवळजवळ थांबलं. घसरणं आणि हात नाकाकडे जाणं मात्र तसंच. म्हणजे पहिली अडचण भिंगाच्या प्रकाराची आणि दुसरी फ्रेमच्या पकडीची, हे वेगळं झालं.

पकडीसाठी काड्या सरळ आणि पातळ असलेली खेळाची फ्रेम घेतली, मागे इलॅस्टिकचा पट्टा. क्रमही बदलला : आधी हेल्मेट, मग सरळ काड्या पॅडिंगच्या खालून सरकवायच्या आणि पट्टा हेल्मेटच्या मागच्या घट्ट करायच्या चाकाखालून घ्यायचा, त्याच्यावरून नाही. वरून घेतला तर चाक डोक्यापासून उचललं जातं आणि हेल्मेट मागे-पुढे डुलतं. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांच्या आत सपाट बसलं पाहिजे, हे चष्म्यासाठी बदलायचं नाही. चष्मा हेल्मेटशी जुळवून घेईल, उलट कधीही नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०२१ पासून आपल्या स्पर्धांत घोड्यावर असताना हेल्मेट सक्तीचं केलं आहे. पण स्पर्धा असो नसो, डोकं आधी.

भिंगं पॉलिकार्बोनेटची. याबाबतीत माझं मत ठाम आहे आणि त्यावर घासाघीस करत नाही : घोड्यावर काचेची भिंगं नकोत, आणि १.७४ सारखी पातळ हाय-इंडेक्स भिंगंही शक्यतो नकोत. पातळ दिसतात म्हणून लोक ती मागतात, पण आघात सोसण्यात पॉलिकार्बोनेट आणि ट्रायव्हेक्स ही दोन प्लॅस्टिकं पुढे आहेत. पॉलिकार्बोनेटमध्ये कडेने पाहिल्यावर रंगांची किनार थोडी जास्त दिसते. मायनस ५ ला ती जाणवू शकते. ट्रायव्हेक्समध्ये ती कमी, पण भिंग जरा जाड. बाईंनी पॉलिकार्बोनेट घेतलं आणि किनारीबद्दल पुढे कधी काही बोलल्या नाहीत.

जंगलातल्या पायवाटांवर आणि तबेल्यात या चष्म्याने काम भागलं. अडथळ्यांवरून उडी मारताना मात्र दोन गोष्टी उरल्या. फ्रेमची कड वळणावर आड यायची : पुढचा अडथळा डोळ्याच्या कोपऱ्यातून शोधावा लागतो आणि मायनस भिंगाच्या कडेला जगाचा एक तुकडा दोनदा दिसतो. पावसात किंवा थंड सकाळी धाप लागली की भिंगं धुरकट व्हायची. मग लेन्सचा विषय निघाला.

लेन्स, आणि तिचा हिशेब

सॉफ्ट लेन्स सुमारे १४ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिची कड पापण्यांखाली जाते, म्हणून धक्क्यांनी ती सहसा बाहेर पडत नाही. कडक लेन्स साडेनऊच्या आसपास. बुबुळावर ती तरंगत हलते आणि मैदानातला एक कण खाली गेला की डोळा उघडताच येत नाही. घोड्यासाठी कडक लेन्स मी सुचवत नाही. केराटोकोनसमध्ये, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे येतं त्या विकारात, वापरतात ती मोठी स्क्लेरल लेन्स याला अपवाद, तिची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि खाली धूळ क्वचितच शिरते.

बाईंना सिलिंडर असल्याने तो भरून काढणारी टोरिक लेन्स लागली. टोरिक लेन्स डोळ्यावर ठरावीक दिशेनेच बसावी लागते. ती १० अंश फिरली तर सिलिंडरची सुमारे एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. कँटरमध्ये वारा लागून पापण्या कमी मिटतात, लेन्स सुकते आणि फिरू शकते. म्हणून लेन्स बसवताना खुर्चीत नुसती स्थिर आहे ना एवढं बघणं पुरत नाही. डोकं जोरात हलवायला लावायचं, वर-खाली, कडेला बघायला लावायचं आणि मग लेन्सवरची दिशादर्शक खूण कुठे आली ते पाहायचं. एका बनावटीची लेन्स यात नापास झाली, दुसरी टिकली.

नंबर थोडा बदलतो. चष्म्यातला मायनस ५.०० डोळ्यावर टेकलेल्या लेन्समध्ये सुमारे मायनस ४.७५ होतो. त्याहून गमतीचा फरक आकाराचा आहे. मायनस ५ च्या चष्म्यातून सगळं पाच-सात टक्के लहान दिसतं. लेन्समध्ये ते जवळजवळ मूळ आकारात येतं. वर्षानुवर्षे लहान अडथळा पाहून अंतर जोखणाऱ्या मेंदूला तो अचानक मोठा, म्हणजे जवळ वाटतो. बाईंनी पहिल्या आठवड्यात घोड्याला उडीसाठी लवकर सांगितलं, घोडा लांबून उडाला आणि त्यांनी आयाळ धरली. सरांना आधी कळवलेलं असल्यामुळे त्यांनी उड्या बंद केल्या आणि जमिनीवरच्या दांड्यांवर नेलं. थोड्या दिवसांत अंदाज बसला. लेन्स पहिल्यांदा लावून त्याच दिवशी उडी मारायची नाही, एवढं यातून घ्यावं.

जवळचं वाचायचं काय? याचे रूढ उपाय दोन : एका डोळ्यात लांबचा आणि दुसऱ्यात जवळचा नंबर, किंवा मल्टिफोकल लेन्स. दोन्ही ऑफिसात छान चालतात. पण पहिल्यात दोन्ही डोळ्यांनी मिळून येणारी खोलीची जाण कमी होते, आणि अडथळ्याचं अंतर जोखायला तीच हवी असते. दुसऱ्यात मंद उजेडात कॉन्ट्रास्ट घटतो आणि छपराखालची मैदानं बहुधा मंदच असतात. म्हणून दोन्ही डोळ्यांत फक्त लांबचा नंबर दिला. तंगाचं, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याचं, बकल कितव्या भोकात आहे ते बोटांनी कळतं. मोबाइलसाठी साधा वाचायचा चष्मा पिशवीत. चाळिशीनंतर मायनस नंबरच्या माणसाला लेन्समध्ये जवळचं चष्म्यापेक्षा जास्त जड जातं, हे आधीच सांगितलं तर नंतर तक्रार येत नाही.

बाईंनी लेझर शस्त्रक्रियेचंही विचारलं. ४७ व्या वर्षी तीही वाचायचा चष्मा चुकवत नाही हे कळल्यावर त्यांचा उत्साह ओसरला.

धूळ

लेन्स सुरू झाल्यावर एका कोरड्या दिवशी कँटरमध्ये पुढच्या घोड्याने उडवलेली वाळू थेट उजव्या डोळ्यात गेली. डोळा मिटला, पाण्याची धार लागली आणि एका क्षणात एकाच डोळ्याने बघायची वेळ आली, तीही वळणावर.

माझ्या मते चष्मा की लेन्स हा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. तक्त्यावर कोणाची ओळ जास्त वाचली जाते याला घोड्यावर फार अर्थ नाही. मधेच बिघडलं तर कसं बिघडतं, हे विचारायला हवं. चष्मा हळूहळू बिघडतो : घसरतो, धुरकटतो, आपल्याला कळत असतं. लेन्स एकदम आणि एकाच डोळ्यात बिघडते. उलट चष्मा डोळ्यापुढे आडोसा असतो. खूर उचलून साफ करताना शेपटीचा केस सपकन तोंडावर येतो, वाटेत फांदी आडवी येते. त्या वेळी लेन्सवाल्याचा डोळा उघडा असतो. घोडदौडीतले जॉकी लेन्स लावून वर गॉगल घालतात. चिखल उडणाऱ्या मैदानांवर तर एकावर एक गॉगल चढवतात आणि मळलेला खाली ओढून टाकत पुढे जातात.

बाईंनी त्या दिवशी केलं ते योग्य केलं, कारण आधी ठरवलेलं होतं : डोळा चोळायचा नाही, उघड्या डोळ्याने सरळ रेषेत घोडा वॉकवर आणायचा, ओरडून सरांना सांगायचं, उतरायचं. मग हात साबणाने धुऊन कोरडे करून लेन्स काढली आणि फेकली. रोज नवी वापरायची असल्यामुळे ती वाचवायचा मोह नव्हता. तबेल्यातल्या नळाच्या पाण्याने लेन्स धुवून पुन्हा लावणं हा फार घातक शॉर्टकट आहे. त्या पाण्यातल्या अकांथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होणारा बुबुळाचा संसर्ग महिनोन्महिने छळतो आणि नजर घालवू शकतो. तोंडात घालून ओली करणं त्याच जातीचं. डोळा दुसऱ्या दिवशीही लाल असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दुखत असेल तर थेट डॉक्टर. वाळलेल्या गवताची काडी डोळ्याला लागली असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी, कारण वनस्पतीमुळे झालेल्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

बाईंची भीती मात्र वेगळीच होती : लेन्स डोळ्यामागे गेली तर? तसं होत नाही. पापणी आणि डोळा यांना जोडणारा पातळ पडदा मागे दुमडलेला असतो, वाट बंद. हरवलेली लेन्स वरच्या पापणीखाली सापडते.

आता काय चालू आहे

मैदानात आणि उड्यांना रोजच्या टोरिक लेन्स, वारा किंवा धूळ असेल तेव्हा त्यावर बिननंबरचा संरक्षक चष्मा. पायवाटा आणि तबेल्यातली कामं पट्टेवाल्या पॉलिकार्बोनेट चष्म्यात. प्रोग्रेसिव्ह घोड्यावर नाही, गाडी चालवत घरी जाताना. लेन्स घोड्याला हात लावण्याआधी, स्वच्छ हातांनी लावायची. गवत आणि ब्रश हाताळल्यावर डोळ्याजवळ बोट न्यायचं नाही. दंडावरच्या वैद्यकीय पट्टीत 'लेन्स वापरते' असं लिहिलेलं, म्हणजे पडून शुद्ध हरपली तर उपचार करणाऱ्याला कळेल.

जादा चष्मा खिशात ठेवायचा नाही, पडल्यावर तो बरगडीत घुसतो. तो मैदानाच्या कडेला, डबीत, सरांना माहीत असलेल्या जागी. थिओडोर रूझवेल्ट १८९८ मध्ये क्यूबाच्या लढाईला गेले तेव्हा डझनभर जादा चष्मे अंगावर बाळगून होते. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जात होत्या, आपल्यावर नाही, तेव्हा एक पुरे.

एक गोष्ट सुटलेली नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर बाईंचे डोळे लेन्समध्ये कोरडे पडतात आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मध्यंतरात घातले की बरं वाटतं, पण अर्धा-पाऊण तासच. तेव्हा संध्याकाळच्या सत्रात उड्या नाहीत असं सरांनी आणि त्यांनी मिळून ठरवलं आहे. अश्रूंची तपासणी पुढच्या भेटीत पुन्हा करायची आहे. दांडीवर मान खाली घालणं थांबलंय. कँटरच्या सुरुवातीला योग्य पाय पुढे पडला का हे बघायला त्या अजूनही खाली डोकावतात, पण ते चष्म्यातही होतं आणि लेन्समध्येही होतं. ते काम सरांचं.